अंगण बघून रांगोळी

माझ्या सासूबाई पडल्या त्या सकाळी दारातली रांगोळी अर्धीच राहिली. पायरी सड्यानं ओली होती. पाय सरकला तेव्हा हातातली रांगोळीची डबी सांडू नये म्हणून त्यांनी हात टेकलाच नाही. डबी वाचली आणि खुब्याचं हाड मोडलं. रिक्षात बसवून नेताना, एवढ्या कळा येत असतानाही, त्या मला म्हणाल्या, "त्या अर्धीवर कुणाचा पाय पडू देऊ नकोस."

ही ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. आम्ही नाशिक रोडला एका कॉलनीत तळमजल्यावर राहायचो. आमचे हे प्रेसमध्ये नोकरीला, मी शहरात एका टायपिंग क्लासमध्ये शिकवायचे. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेले होते. घरात आम्ही तिघंच, आणि तिघांत राज्य कुणाचं हे सांगायला नकोच.

सासूबाईंची रांगोळी कॉलनीत नावाजलेली. दूध घेऊन परतणाऱ्या बायका आमच्या दाराशी आल्या की पाय हळू टाकायच्या. मला मात्र त्या डबीला हात लावायची परवानगी नव्हती. म्हणजे कुणी बंदी घातली नव्हती. पण लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी हौसेनं एक रांगोळी काढली होती. सासूबाई बाहेर आल्या, बघितलं, आत गेल्या आणि ओलं फडकं घेऊन आल्या. पुसून झाल्यावर म्हणाल्या, "आधी ठिपक्यांना रांगेत उभं राहायला शिकव." मी जात्याच तापट. त्याच क्षणी ठरवलं, की पुन्हा या बाईच्या दारात एक ठिपकाही टाकणार नाही. तेवढं एक काम माझ्याकडे राहिलं. रांगोळी पुरी झाली की आतून हाक यायची, "हळद-कुंकू तेवढं तू वाहा." ती चिमूट सासऱ्यांच्या मागे माझ्याकडे आली होती आणि ती वाहताना मात्र सासूबाई बाजूला उभ्या राहून माझ्या बोटांकडे कौतुकानं बघायच्या. हे मी खोटं कशाला सांगू.

दवाखान्यातून घरी आल्या त्या हातात काठी घेऊनच. खुर्चीत बसता येई, जमिनीवर बसणं संपलं. दार कोरडं पडलं. ह्यांनी बाजारातून रांगोळीची जाळी आणली, वरून पूड टाकली की आयतं फूल उठतं ती. सासूबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि साबुदाणा चाळायला ठेवून दिली. शेजारच्या काकूंनी "मी घालत जाईन तुमच्या दारात" म्हटलं, तर म्हणाल्या, "जेवायलाही तुम्हीच येणार का माझ्या वाटचं?" शेवटी मी माझी शपथ मोडली आणि विचारलं, "आई, मी घालू का?" त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. "नको गं," म्हणाल्या, "माझं दार संपलं आता."

त्यांचा मला एरवी सतरा गोष्टींसाठी राग यायचा. पण त्या वाक्यावर मला रागावता आलं नाही. ज्या बाईनं उभ्या कॉलनीला धाकात ठेवलं, ती दिवसभर खिडकीशी बसून गेटकडे बघायला लागली. भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलेना. मला ते बघवत नव्हतं.

त्याच सुमाराला आमच्या टायपिंग क्लासच्या मालकांनी एक कॉम्प्युटर घेतला आणि पाटीवर तो शब्द रंगवून टाकला. शिकवणार कोण, तर मी. एका पुस्तकावरून मी बेसिक शिकले, म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची ती भाषा, आणि शिकता शिकता शिकवायलाही लागले. मग गावातल्या एका शाळेत सरकारकडून कॉम्प्युटर आले, तिथेही मला बोलावणं यायला लागलं. आणि मेन रोडवर टीव्ही-टेपरेकॉर्डर विकणारा एक दुकानदार होता, त्यानं छोटे घरगुती कॉम्प्युटर ठेवायला सुरुवात केली. रबराच्या कळांची काळी पेटी, घरच्या टीव्हीला जोडायची आणि प्रोग्राम कॅसेटवरून टेपरेकॉर्डरनं भरायचा. भरताना असा किंचाळायचा की गल्लीतली कुत्री भुंकायला लागायची. त्या दुकानदारानं एक दिवस मला थांबवलं.

"ताई, पोरं नुसती विमानं पाडत बसतात हो याच्यावर. आयाबायांनी टीव्हीसमोर बसावं असं काहीतरी करा ना. दिवाळीला कॅसेट काढू. शाळांना पण देऊ, ऑफिसवाल्यांना पण."

रात्री जेवताना मी ते घरात सांगितलं आणि वर म्हणाले, "मी रांगोळ्या करणार आहे."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "तू? रांगोळी?" आणि पडल्यापासून पहिल्यांदा त्या खळखळून हसल्या. ह्यांनाही ठसका लागला. मला संताप आला, पण आतून बरंही वाटलं.

"काढणार यंत्र आहे, आई. मी फक्त त्याला सांगणार."

"आणि तुला कोण सांगणार?"

"तुम्ही."

त्यांनी ताक प्यायलं, वाटी ठेवली आणि म्हणाल्या, "उद्या माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला सांग त्याला."

त्या पेटीत वर्तमानपत्राचे पिवळे पडलेले कागद होते, प्रत्येकावर उदबत्तीनं जाळून पाडलेली भोकं. ठिपक्यांचे कागद. असा कागद जमिनीवर पसरून वरून पूड फिरवली की ठिपके सरळ रांगेत पडतात. सासूबाईंना कागदाची गरज कधीचीच उरलेली नव्हती, पण कुठल्या रांगोळीला किती ठिपके ते त्यावरून आठवायचं. दुकानदारानं छोटी पेटी घरी वापरायला दिली होती. मी ती टीव्हीला जोडून खाली बसायचे, सासूबाई मागे खुर्चीत. त्या सांगायच्या, मी टाइप करायचे.

पहिली रांगोळी मी माझ्या बुद्धीनं काढली. यंत्राला काय, कुठूनही सुरुवात केली तरी सारखंच. मी डावीकडून उजवीकडे, वरून खाली रेघा काढत गेले. सासूबाईंनी पूर्ण होऊसुद्धा दिली नाही. "हे काय झाडू मारल्यासारखं? रांगोळी मधून उमलते. आधी ठिपके, मग मधलं, मग एकेक पाकळी, आणि हात फिरायचा तो उजवीकडून." चित्र शेवटी तेच येणार होतं. पण मी सगळं पुसून पुन्हा लिहिलं. दुसऱ्यांदा ठिपके उमटले, मधून कमळ उघडत बाहेर आलं, आणि मी ह्यांना हाक मारणार तोच मागून आवाज आला, "अगं, बघत काय बसलीस? हळद-कुंकू वाहा."

मी टीव्हीच्या काचेवर हळद-कुंकू वाहिलं. बातम्यांच्या वेळी ह्यांनी टीव्ही लावला तर बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या नाकावर कुंकू. पुढे मी प्रोग्रामच्या शेवटी एक ओळच घालून टाकली. रांगोळी पुरी झाली की खाली अक्षरं यायची, हळद-कुंकू वाहा. रोमन अक्षरांत, कारण त्या पेट्यांना मराठी येत नव्हतं.

खरी लढाई पुढे झाली. बेसिक नावाला एक भाषा, पण प्रत्येक यंत्राची बोली निराळी. आमच्या जिल्ह्यासारखंच. शहरात 'आहे' म्हणतात, निफाडकडे 'हाय', आणि सटाण्याकडे गेलात की 'शे'. घरच्या पेटीवर लिहिलेला प्रोग्राम शाळेतल्या पेटीला कळेना, आणि क्लासमधलं ऑफिसचं मशीन तर दोघांनाही ओळख दाखवीना. म्हणजे तीन यंत्रांसाठी तीन आवृत्त्या काढणं आलं. माझ्या मते आवृत्ती म्हणजे तिन्हीकडे हुबेहूब त्याच रांगोळ्या. मी ईर्षेला पेटले. शाळेतल्या पेटीला वर्तुळ काढायची आज्ञाच नव्हती. मी बारीक बारीक सरळ तुकडे जोडून पाकळ्या गोल करायला गेले तर त्या कोनाकोनाच्या दिसायला लागल्या. ऑफिसच्या मशीनवर ठिपके उभे जवळ आणि आडवे लांब पडायचे, त्यामुळे कमळ बसकं, कुणी वर बसून उठल्यासारखं. आणि घरच्या पेटीवर एका चौकटीत दोनच रंग मावायचे, तिसरा भरला की शेजारच्या पाकळीचा रंग पळायचा. मी दुपारभर यंत्रांना शिव्या देत होते.

"नाचता येईना, अंगण वाकडं," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या.

"अहो आई, इथे अंगण खरंच वाकडं आहे!"

त्या हसल्या. मग जरा वेळानं विचारलं, "कुठलं कसं वाकडं, ते मला नीट सांग." मी कागदावर काढून दाखवलं. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग एकच रांगोळी सगळीकडे कशाला कोंबतेस? माझ्या माहेरी अंगण चौक-चौकाचं होतं. लग्न होऊन आले तर इथे कॉलनीत दोन हात जागा, ती पण लांबट. तीच रांगोळी घालत बसले असते तर अर्धी गटारात गेली असती. अंगण बघून रांगोळी घालायची."

मी त्यांच्याशी दोन दिवस भांडले. ग्राहकाला सारखंच मिळायला हवं, हा माझा हेका. "ग्राहकाच्या दारात बरं दिसायला हवं," हा त्यांचा. शेवटी त्याच जिंकल्या. शाळेच्या पेटीला गोल येत नाही ना, मग तिला सरळ रेघांच्या रांगोळ्या, त्यांच्या माहेरच्या. ऑफिसच्या रुंद पडद्याला उंबरठ्यासमोरच्या लांब वेली आणि पट्ट्या. घरच्या पेटीवर नुसत्या रेघेच्या, ठिपक्यांना वळसे घालत जाणाऱ्या रांगोळ्या आणि कमळं. "रंग कशाला हवेत? पांढरी रेघ हीच रांगोळी. रंग भरायचं खूळ तुमच्या पिढीचं." गोपद्म तेवढं तिन्हीत ठेवलं, कारण गाईचं पाऊल कुठल्याही दारात चालतं.

त्या चुकायच्याही, आणि तेव्हा मला जो आनंद व्हायचा तो लपवता यायचा नाही. एका वेलीत एक ठिपका उरायला लागला. त्या म्हणायच्या तुझा प्रोग्राम चुकतोय, मी प्रत्येक ओळ पुन्हा तपासली, काही सापडेना. उभी दुपार गेली. मग त्यांनी तो कागद उजेडात धरला, बराच वेळ धरला आणि घडी घालून बाजूला ठेवला. "एक भोक उंदराचं आहे," म्हणाल्या. आणि मला हसूच दिलं नाही; लगेच म्हणाल्या, "चहा टाक."

दसऱ्याला त्यांनी पाटा, विळी आणि ह्यांच्या स्कूटरबरोबर त्या पेटीचीही पूजा केली. कुंकू कळांच्या फटीत गेलं आणि पुढे कितीतरी दिवस एक कळ दाबली की दोनदा उमटायची. पण खिडकीशी बसणं बंद झालं होतं. भाजीत मीठ कमी असल्याचं कानावर यायला लागलं होतं. दारात रांगोळी मात्र नव्हती. एकदा मी पुन्हा विचारलं, तर त्यांनी फक्त मान हलवली.

दिवाळीच्या आधी कॅसेटी निघाल्या. तीन आवृत्त्या, तीन रंगांच्या चिठ्ठ्या. कव्हरवर आधी सासूबाईंचं नाव, खाली माझं. दुकानदार दोन टेपरेकॉर्डर जोडून दिवसभर प्रती काढत बसला. येणारेजाणारे विचारायचे, रेडिओ बिघडला का. ऑफिसवाल्यांसाठी फ्लॉपी. सासूबाईंनी कव्हर डोळ्यांजवळ नेऊन स्वतःचं नाव वाचलं, पदरानं पुसलं आणि विचारलं, "दुकानात लावून ठेवली असेल ना? मला बघायची आहे."

वसुबारसेच्या आधी एका सकाळी आम्ही रिक्षा केली. त्यांनी कपाटातली ठेवणीतली साडी काढली होती. मेन रोडवर दिवाळीची ही गर्दी. दुकानाच्या काचेत टीव्ही ठेवला होता आणि त्यावर त्यांचं कमळ उमलत होतं, लोक थांबून बघत होते. सासूबाई काठी टेकत पुढे गेल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मग दिसलं. पडदा पांढराधोप होता आणि रांगोळी काळी. काळ्या ठिपक्यांतून काळं कमळ.

झालं होतं ते असं. ती छोटी पेटी चालू केली की पडदा पांढरा आणि अक्षरं काळी असायची. त्या पांढऱ्या उजेडानं माझे डोळे दुखायचे. म्हणून रोज पेटी लावली की सगळ्यात आधी मी दोन आज्ञा देऊन पडदा काळा आणि रेघ पांढरी करून घ्यायचे, चष्मा पुसावा तितक्या सवयीनं. मग प्रोग्राम भरायचे. त्यामुळे माझ्या घरी रांगोळी कायम पांढरीच निघाली, आणि प्रोग्राममध्ये ते सांगायला हवं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इतर दोन यंत्रांचे पडदे मुळातच काळे. दुकानदाराला वाटलं, डिझाइनच तसं आहे.

"ताई, उठून दिसतंय की," तो म्हणाला. सासूबाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्यानं टीव्हीच बंद केला.

"किती घरांत गेली ही?" त्यांनी विचारलं.

गेलेल्या थोड्याच होत्या. ती पेटी गावात मोजक्यांकडेच होती आणि वायर नाहीतर पिन मागायला ते सगळे याच दुकानात यायचे, त्यामुळे त्याला सगळ्यांची घरं माहीत होती. मी म्हणाले, मी जाऊन दुरुस्त करून येते; प्रोग्रामच्या सुरुवातीला एक ओळ घालायची आणि कॅसेटवर पुन्हा उतरवायचं, एवढंच काम.

"मी येणार," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुमचा पाय..."

"ऐन दिवाळीत लोकांच्या घरात माझ्या नावानं काळी रांगोळी. दारात मी उभी राहणार. तू फक्त ओळ घाल."

दोन दिवस आम्ही रिक्षानं नाशिक पालथं घातलं. इंदिरानगरला तेव्हा चार बंगले आणि बाकी माळ. तिथल्या बाईंनी पेटी अजून खोक्यातून काढलीसुद्धा नव्हती. पंचवटीत एका घरी सगळ्यांनी काळी रांगोळी बघितली होती आणि तिथल्या आजेसासूबाईंनी टीव्हीवर टॉवेल टाकून ठेवला होता. प्रत्येक घरी सासूबाई आधी माफी मागायच्या, मग खुर्चीत बसून माझ्याकडून ओळ घालून घ्यायच्या, मग रांगोळी पांढरी उमटलेली स्वतः बघायच्या, आणि त्या घरच्या बाईला हळद-कुंकू वाहायला लावल्याशिवाय उठायच्या नाहीत. चिवडा-चकलीच्या पुड्या इतक्या जमल्या की आमच्या घरी चकली करावी लागली नाही. सासूबाई थकत होत्या, पण रिक्षात बसल्या की पुढचा पत्ता विचारायच्या.

शेवटचं घर देवळालीच्या बाजूचं. दार उघडलं ते एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. रेल्वेतून निवृत्त झालेले, अंगात बनियन आणि धोतर. आजूबाजूच्या सगळ्या दारांत रांगोळ्या, आकाशकंदील. यांच्या दारात काही नाही. खोलीत भिंतीवर एका बाईंचा फोटो होता, त्याला हार ताजा होता. टेबलावर टीव्ही, त्याच्यासमोर ती पेटी, आणि पडद्यावर काळं कमळ.

सासूबाईंनी फोटो बघितला, तरी ठरलेलं बोलल्या. "चूक झाली आमच्याकडून. रांगोळी पांढरी हवी. आत्ता करून देते ही."

"नाय हो," ते गडबडून म्हणाले, "चूक कसली? राहू द्या तशीच." त्यांनी आम्हाला बसायला लावलं आणि सांगितलं. मुलगा आखातात होता, आई आजारी पडली तेव्हा तिला विरंगुळा म्हणून त्यानं पेटी पाठवली. ती श्रावणात गेली. "तिची रांगोळी लय चांगली असायची. औंदा दारात घालायची नाय, घरात दिवाळी नाय. मी वायर घ्यायला गेलो तर दुकानात ही कॅसेट दिसली. तो म्हणला, वेगवेगळ्या मशीनसाठी वेगवेगळी काढलीय. घरी येऊन लावली तर काळी निघाली." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "मला वाटलं, तुम्ही मशीनसाठी काढली तशी घरासाठीपण वेगळी काढली. ज्या घरी कुणी गेलं, त्यांना ही."

"रोज सकाळी लावतो," ते म्हणाले. "दारात नाय घालता येत. आत बसून बघायला कोण नाय म्हणतंय?"

मी सासूबाईंकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या खरं काय ते सांगणार. त्यांच्यानं खोटं सहन व्हायचं नाही. त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली होती. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ही तुमच्यासाठीच आहे. आमचं चुकलं, आम्ही दुसऱ्याची समजून आलो." मग उठताना म्हणाल्या, "पुढच्या दिवाळीला वर्ष सरलेलं असेल. तेव्हा येऊ आम्ही. पांढरी करून देऊ."

परत येताना रिक्षात त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग समोर बघतच म्हणाल्या, "हे गेले त्या वर्षी माझं दार कोरडं होतं. सगळी कॉलनी उजळलेली, आणि मी आत कडी लावून बसलेले. तेव्हा मला असं काही कुणी दिलं नाही." इतक्या वर्षांत सासऱ्यांबद्दल त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

घरापाशी आल्यावर रिक्षातून उतरताना त्यांनी आमच्या उंबऱ्याकडे बघितलं. "उद्या सकाळी खुर्ची दारात ठेव," म्हणाल्या. "आणि डबी घे."

दुसऱ्या दिवशी मी दारात खाली बसले, त्या खुर्चीत. मला वाटलं होतं, पुन्हा फडकं येणार. पण तीन यंत्रांसाठी त्या रांगोळ्या मी इतक्या वेळा लिहून, खोडून, पुन्हा लिहिल्या होत्या, की कुठला ठिपका कुठे आणि कुठली रेघ कुणानंतर, हे बोटांना पाठ झालं होतं. रेघ जाड येत होती, थरथरत होती. वाट मात्र चुकत नव्हती. सासूबाई फक्त मधूनमधून "चिमूट बारीक" म्हणायच्या. कमळ पुरं झालं. मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी बराच वेळ रांगोळी न्याहाळली.

"ठिपके उभे राहिले रांगेत," म्हणाल्या. "हळद-कुंकू पण तूच वाहा."

पुढल्या वर्षी आम्ही देवळालीला गेलो. त्या गृहस्थांनी स्वतः दारात गोपद्म काढलं होतं, जाड, वाकडंतिकडं. सासूबाईंनी त्याची तारीफ केली, जी माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. मग मी कॅसेटमध्ये ती ओळ घातली. तिसऱ्या दिवाळीपर्यंत नवी यंत्रं आली, त्यांना आमच्या कुठल्याच आवृत्तीची बोली कळेना, आणि दुकानदारानं उरलेल्या कॅसेटींवर गाणी भरून विकली. मला वाईट वाटलं. सासूबाई म्हणाल्या, "रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडायचीच असते."

दशक संपत आलं असताना एका पहाटे त्या झोपेतच गेल्या. काही भोगलं नाही. आदल्या दिवशी मी काढलेल्या रांगोळीतली एक पाकळी फुगलीय म्हणून बोलणी खाल्ली होती.

ती दिवाळी आली. आमचं दार कोरडं. कॉलनीतल्या बायका दूध घेऊन जाताना आमच्या दाराशी पाय हळू टाकत होत्या, सवयीनं, आणि मग लगबगीनं पुढे जात होत्या. ह्यांनी पेपर धरला होता, पण पान उलटत नव्हते. मी माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. ठिपक्यांच्या कागदांखाली दुकानदारानं कधी परत न मागितलेली ती काळी पेटी होती आणि दुकानातली, ओळ न घातलेली एक कॅसेट. टीव्हीला वायर जोडली. हे पेपर ठेवून शेजारी येऊन बसले.

पडदा पांढरा झाला. माझी बोटं सवयीनं कळांवर गेली, आधी पडदा काळा करून घ्यायला. अर्धी आज्ञा टाइप होऊन गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी ती खोडली आणि कॅसेट लावली.

ठिपके उमटले. मग मधून, उजवीकडून, एकेक पाकळी करत, त्यांनी सांगितलं होतं त्याच क्रमानं काळं कमळ उमललं. शेवटी खाली ती ओळ आली, हळद-कुंकू वाहा. ते काम पहिल्यापासून माझंच होतं. मी उठून देवघरातली कोयरी आणली आणि काचेवर आधी हळदीचं बोट टेकवलं, मग कुंकवाचं. काच कोमट होती.